सुई, ताट आणि सलाईन

इन्सुलिनवरच्या माणसाचं घरी एक चक्र बसलेलं असतं. साडेसातला सुई, आठला पोहे किंवा भाकरी, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्री पुन्हा सुई. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते इतकं अंगवळणी पडतं की डोस किती विचारलं तर आजोबा आधी बोटं सिरिंज धरल्यासारखी करतात आणि मग आकडा सांगतात. दवाखान्यात भरती झालं की हे चक्र मोडतं. जेवण बंद होतं किंवा भलत्या वेळी येतं. ताप आणि जंतुसंसर्ग साखर चढवतात, सलाईनमधून ग्लुकोज जातं, मध्येच स्टेरॉइड सुरू होतं. घरचा डोस मात्र केसपेपरवर जसाच्या तसा उतरतो, नाहीतर ‘साखर बघून देऊ’ म्हणून सगळाच बंद होतो. दोन्ही वाईट.

डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. ते आपण हातात घ्यायचं नाही. पण ताट, सलाईन आणि सुई एकमेकांना धरून चालताहेत की नाही, हे बघायला खाटेशेजारी बसलेल्या माणसाइतका दुसरा कुणी नाही. सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो, तुमच्याकडे एकच रुग्ण. या तिघांतलं एक हललं की उरलेल्या दोघांबद्दल विचारायचं. पुढची सगळी कृती याच नियमाने चालते.

पिशवी भरताना

रोजची इन्सुलिनची बाटली किंवा पेन प्रत्यक्ष सोबत घ्या. नुसतं ‘ती पांढरी बाटली’ सांगून काही कळत नाही. नोव्होरॅपिड आणि नोव्होमिक्स, ह्युमलॉग आणि ह्युमलॉग मिक्स ही नावं ऐकायला जवळची असली तरी औषधं वेगळी आहेत. मिक्सटार्डमध्ये ३०/७० असतं तसं ५०/५० ही असतं. गोळ्यांच्या पट्ट्या आणा, ग्लुकोमीटर आणा, साखरेची वही असेल तर ती आणि शेवटचा एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्टही आणा.

मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: इन्सुलिनचं पूर्ण नाव, बाटली की पेन, कोणत्या वेळी किती युनिट, शेवटचा डोस किती वाजता घेतला, शेवटचं खाणं किती वाजता झालं. कॅज्युअल्टीत शेवटच्या दोन ओळींना सोन्याची किंमत. रात्रीचं इन्सुलिन घेऊन झालंय आणि उलट्यांमुळे जेवण पोटात राहिलेलं नाही, हे वेळेत कळलं तर पहाटेचा धोका टळतो. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. नुसता इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० वाचले जातात. हे जगभर झालेलं आहे, म्हणूनच औषध-सुरक्षेचे नियम ते अक्षर वापरू नका असं सांगतात.

केसपेपर होताना

आरएमओ किंवा ड्युटी डॉक्टर माहिती विचारतील. त्यांनी न विचारलं तरी या गोष्टी आपणहून सांगा.

मधुमेह कोणत्या प्रकारचा? पहिल्या प्रकारात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. अशा रुग्णाचं पायाभूत (बेसल) इन्सुलिन उपाशी असतानाही बंद करायचं नसतं. बंद केलं तर काही तासांत रक्तात किटोन साठू लागतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि माणूस आयसीयूत जातो. मुलगा किंवा मुलगी लहानपणापासून इन्सुलिनवर असेल तर केसपेपरच्या पहिल्या पानावर, वर, ‘टाइप १, बेसल बंद करू नये’ असं लिहून घ्या. संकोच करू नका.

साखर एकदम खाली जायची सवय आहे का, आणि गेली तर रुग्णाला स्वतःला कळतं का? खूप वर्षांच्या मधुमेहात घाम-थरथर ही सूचना येणंच थांबू शकतं.

किडनीचा त्रास आहे का? इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनीतून होतो. किडनी मंदावली की तेच १० युनिट जास्त वेळ अंगात राहतात आणि जास्त काम करतात. घरी क्रिएटिनिन १ असताना बसवलेला डोस जुलाबांनी सुकून ते ३ वर गेल्यावर चालणार नाही.

गोळ्यांच्या पट्टीवर नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे का? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपासमारीत किंवा ऑपरेशनच्या वेळी त्या चालू राहिल्या तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही किटोन वाढू शकतात. मीटरवर १७० आणि रुग्ण मात्र उलट्या करतोय, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय: अशा वेळी रक्तातले किटोन तपासायची विनंती करा.

एचबीए१सी गेल्या तीन महिन्यांत झालेलं नसेल तर भरती होतानाच पाठवतात. रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी जायला हवा, कारण चढवलेलं रक्त त्या आकड्यात मिसळतं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे कुटुंबात सिकल सेल असेल तर तेही सांगा. तिथे हा आकडा फसवतो.

चाळीस आणि शंभर

यावर जरा थांबू या, कारण हा घोटाळा आपल्याकडचा आहे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः एका मिलिलिटरला ४० युनिट अशा मिळतात. पेन आणि त्यातली काडतुसं एका मिलिलिटरला १०० युनिटची. सिरिंजही त्याप्रमाणे दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची.

दवाखान्यात चिठ्ठी मिळते, ‘बाहेरून आणा’. तुम्ही मेडिकलमधून बाटली एका फेरीत आणता आणि सिरिंज दुसऱ्या फेरीत. तिथे गफलत होते. ४० च्या बाटलीतलं इन्सुलिन १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत येतं ०.२ मिलिलिटर, म्हणजे फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही, मग डोस वाढत जातो, आणि एके दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज आणतं. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर आत जातात ५० युनिट. पेन अडकलं म्हणून काडतुसात सुई खुपसून इन्सुलिन काढण्याची एक जुगाडू पद्धत आहे, तिच्यात नेमकं हेच होतं. काही पेनांत तर मिलिलिटरला ३०० युनिट असतात. पेन बिघडलं तर दुसरं पेन मागायचं. काडतुसातून सिरिंजने ओढायचं नाही.

तेव्हा मेडिकलच्या काउंटरवरच बाटलीवरचा ४० किंवा १०० आणि सिरिंजच्या पाकिटावरचा आकडा जुळवा. टोपीचा रंग ही खूण आहे, खात्री आकड्यानेच होते.

आणलेलं इन्सुलिन सिस्टरकडे द्या. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशात, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवतात. फ्रीझरला लागून ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ‘बाहेर’ म्हणजे २५-३० अंश. एप्रिलमध्ये अकोल्याच्या जनरल वॉर्डात खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली नव्हे. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि रुग्णाचं नाव लिहा. पेन एका माणसाचं, एकाच माणसाचं. सुई बदलली तरी शेजारच्या खाटेवर द्यायचं नाही, कारण काडतुसात मागे रक्त ओढलं जाऊ शकतं.

साखर किती असावी

नातेवाइकांचा सगळ्यात मोठा आग्रह असतो, ‘नॉर्मल करा’. फास्टिंग १०० च्या आत आलं की घरच्यांना हायसं वाटतं. दवाखान्यातल्या बहुतेक रुग्णांसाठी मात्र १४० ते १८० मध्ये राहणं हेच चांगलं मानतात, आणि त्यामागे एक इतिहास आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या सर्जिकल आयसीयूत साखर ८० ते ११० मध्ये घट्ट ठेवली तेव्हा मृत्यू कमी झाले आणि सगळीकडे तसंच करायचा उत्साह आला. २००९ मध्ये नाइस-शुगर या ६,१०४ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात उलटं दिसलं. घट्ट साखरेच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, १८० च्या आत ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. साखर अतिखाली जाण्याचे प्रकारही घट्ट गटात कितीतरी जास्त होते. तेव्हापासून आयसीयूत १८० च्या वर गेल्यावर इन्सुलिन सुरू करतात आणि १४० ते १८० राखतात.

म्हणून चार्टवर १६५ दिसलं की सिस्टरला धारेवर धरू नका. तो चांगला आकडा आहे.

आखणी समजून घ्या

इन्सुलिन तीन कामांसाठी लागतं. काहीही न खाता यकृत जे ग्लुकोज सोडत राहतं त्याच्यासाठी पायाभूत इन्सुलिन, म्हणजे बेसल: लँटस, ट्रेसिबा यांसारखं. जेवणाच्या साखरेसाठी बोलस: नोव्होरॅपिड, ह्युमलॉग किंवा साधं ‘प्लेन’ इन्सुलिन. आणि मोजल्यावर साखर जास्त निघाली तर वरून थोडी दुरुस्ती.

जेवणाऱ्या, स्थिर रुग्णासाठी डॉक्टर बहुधा वजनावरून सुरुवात करतात. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, ६० किलोचा माणूस, किलोला ०.४ युनिट म्हणजे दिवसाला २४. त्यातले १२ बेसल, उरलेले १२ तीन जेवणांना ४-४-४. सत्तरी ओलांडलेल्या किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला किलोला ०.२ ते ०.३ एवढंच. हे हिशेब तुम्हाला करायचे नाहीत, पण आपल्या चार्टमध्ये बेसल कुठे आणि बोलस कुठे हे ओळखता आलं पाहिजे.

कारण बऱ्याच ठिकाणी अजून नुसता स्लायडिंग स्केल चालतो: १५० च्या खाली काही नाही, १५० ते २०० ला ४, २०० ते २५० ला ६, असं. दिसायला शिस्तशीर, पण तो कायम घटनेच्या मागून धावतो. साखर चढू द्यायची, मग मारायची, मग ती खाली आली की काहीच द्यायचं नाही, की पुन्हा चढली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅबिट-२ या अभ्यासात बेसल-बोलस घेणाऱ्या ६६ टक्के रुग्णांची साखर १४० च्या खाली आली, नुसत्या स्केलवर फक्त ३८ टक्क्यांची. दोन दिवस चार्टवर फक्त स्केल दिसत असेल आणि आकडे वरखाली उड्या मारत असतील तर राउंडच्या वेळी शांतपणे विचारा, “डॉक्टर, बेसल सुरू करायचं का?” चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

घरचं ३०/७० दवाखान्यातही चालू ठेवतात, सोय म्हणून. त्यात जेवणाचा आणि पायाभूत असे दोन्ही वाटे एकाच सुईत बांधलेले असतात. जेवण चुकलं तर अर्धा वाटा काढून घेता येत नाही. खाणं बेभरवशाचं झालेल्या रुग्णाला ते धोक्याचं. हे मिश्रण तिथे देऊ नये असं माझं मत आहे, आणि अभ्यासांतही मिश्रणावर साखर खाली जाण्याचे प्रकार जास्त आढळलेत.

ताट आणि सुई

आता खाटेजवळचं खरं काम. साधं प्लेन इन्सुलिन किंवा मिक्सटार्ड जेवणाआधी साधारण अर्धा तास, नोव्होरॅपिड-ह्युमलॉगसारखं झटपट इन्सुलिन जेवणाच्या ५ ते १५ मिनिटं आधी. दवाखान्यात सुईची वेळ सिस्टरच्या ट्रेवर ठरते आणि ताटाची वेळ किचनच्या ट्रॉलीवर. दोघांची गाठ पडेलच असं नाही. सुई बाराला टोचली आणि ट्रॉली लिफ्टपाशी अडकून दीडला आली, तर त्या दीड तासात काय होईल ते सांगायला नको.

म्हणून सुई घेऊन सिस्टर आल्या की एकच वाक्य: “सिस्टर, जेवण अजून आलेलं नाही, आल्यावर बोलावते.” डब्यावर असाल तर डबा पोचल्याशिवाय जेवणाची सुई नाही. एखाद्याला मळमळ असेल, दोनच घास जातील की पोळी-भाजी सगळी जाईल हे कळत नसेल, तर झटपट इन्सुलिन जेवून झाल्याबरोबर खाल्लेल्या प्रमाणात द्यायची सोय असते. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या.

आणि हा नियम फक्त जेवणाच्या सुईला. बेसल जेवणावर अवलंबून नसतं. ‘आज जेवला नाही म्हणून रात्रीचं लँटसही दिलं नाही’ असं वॉर्डात सर्रास होतं. मग सकाळी २८० आली की सगळे एकमेकांकडे बघतात.

खाण्याचा हिशेब सांगायला लाजू नका. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि मोसंबी घेऊनच येतो. दुपारी साडेतीनला आत्याने प्रेमाने पाजलेलं शहाळं आणि दोन पारले बिस्किटं चार्टवर कुठेच नसतात, पण पाचची साखर मात्र चार्टवर असते आणि तिच्यावर डोस वाढतो. दुसऱ्या दिवशी आत्या येत नाही, वाढवलेला डोस तेवढा राहतो. किडनीच्या रुग्णाला शहाळं पोटॅशियममुळेही चालत नाही, ते वेगळंच.

सलाईनचंही तसंच. ‘एक बाटली लावा, ताकद येईल’ हा आपल्याकडचा लाडका समज. बाटलीवर डीएनएस किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज लिहिलं असेल तर ५०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज आहे, म्हणजे पाच चमचे साखर. आरएल किंवा साध्या नॉर्मल सलाईनमध्ये नाही. ग्लुकोजची बाटली लावली तर तिच्या जोडीला इन्सुलिन आहे का विचारा. उलट, इन्सुलिन बसवलंय आणि ग्लुकोजची बाटली संपली, बंद पडली किंवा सुई शिरेबाहेर जाऊन हात सुजला, तर ताबडतोब सांगा. नाकातल्या नळीच्या फीडवर असलेल्या रुग्णाचंही हेच. फीड थांबलं पण सकाळचं इन्सुलिन अंगात आहे, तेव्हा शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करतात. नळी मध्यरात्री रुग्णाने उपसली तर ‘सकाळी घालू’ म्हणून झोपू नका.

बोट टोचताना

जेवणाऱ्या रुग्णाची एचजीटी, म्हणजे बोट टोचून साखर, जेवणाआधी आणि झोपताना, एनबीएम म्हणजे उपाशी ठेवलेल्याची दर चार ते सहा तासांनी. बोट टोचण्यापूर्वी रुग्णाचे हात साबण-पाण्याने धुवून कोरडे करा. चिकू किंवा आंबा सोललेल्या बोटावरची साखर मीटर रक्तातली म्हणून मोजतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट जात नाही. डाव्या हाताला ग्लुकोजचं सलाईन असेल तर उजव्या हाताचं बोट पुढे करा. रुग्णाचा बीपी फार खाली असेल, हातपाय गार पडलेले असतील, तर बोटाच्या थेंबावर विसंबू नये, शिरेतलं रक्त लॅबला जावं. आकडा आणि रुग्ण जुळत नसतील, म्हणजे मीटर ४२० म्हणतोय आणि आजी मजेत गप्पा मारताहेत, तर इन्सुलिनच्या आधी पुन्हा एकदा टोचायला सांगा.

पोटावर सुई घेताना बेंबीपासून दोन बोटं दूर, रोज जागा बदलून. जिथे गाठ किंवा रबरासारखा भाग लागतो तिथे नाही, कारण तिथून इन्सुलिन कधी जातं कधी जात नाही. पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघायचा, टोचून बटण दाबल्यावर दहा आकडे मोजायचे, मग सुई काढायची. गढूळ इन्सुलिन तळव्यांत घोळवून सारखं करायचं, खळाखळा हलवायचं नाही.

साखर खाली गेली तर

७० च्या खाली म्हणजे हायपो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, भूक ही नेहमीची लक्षणं. म्हाताऱ्या माणसात मात्र चिडचिड, बरळणं, उगाच कपडे ओढणं, नुसतं गप्प पडून राहणं. ‘वयामुळे जरा भ्रम झालाय’ म्हणण्याआधी बोट टोचा.

शुद्धीवर आहे आणि गिळता येतंय: १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे अर्ध्या पेल्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की काहीतरी खाणं द्या, नाहीतर ती परत घसरते. पेढा आणि चॉकलेट या कामाचे नाहीत, त्यातलं तूप-स्निग्ध साखरेचा वेग कमी करतं. वोग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरची साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच रोखते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. तिचा डबा खाटेच्या लॉकरमध्ये ठेवा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. सिस्टरला ओरडून बोलवा. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलिलिटरची बाटली शिरेतून जाते आणि बहुधा काही मिनिटांत माणूस डोळे उघडतो.

नंतरचा भाग महत्त्वाचा. का गेली, हे त्याच दिवशी शोधायचं: जेवण उशिरा, किडनी मंद, स्टेरॉइड कमी केलं, की डोसच जास्त. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर खाली गेली असेल तर ती तास-दोन तासांत सुटत नाही, दिवसभर पुन्हापुन्हा घसरू शकते, त्यामुळे ‘आता १४० आहे, घरी जा’ हे पटण्यासारखं नाही. आणि एका हायपोनंतर सगळं इन्सुलिन बंद करणं हाही उपाय नाही. डोस कमी होतो, बेसल पुसलं जात नाही.

ऑपरेशनचा दिवस

तारीख ठरली की पहिला प्रश्न: ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या कधी बंद? ऑपरेशनच्या तीन दिवस आधी, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार. मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी घेत नाहीत. आदल्या रात्रीच्या लँटससारख्या बेसलचा नेहमीच्या डोसाच्या ७५ ते ८० टक्के भाग बहुधा देतात, मध्यम वेळ टिकणारं एनपीएच इन्सुलिन असेल तर सकाळी निम्मा. जेवणाची सुई नाही, कारण जेवण नाही. नेमके आकडे भूलतज्ज्ञांकडून कागदावर घ्या. तोंडी सांगितलेले आकडे पहाटे पाचला कुणालाही आठवत नाहीत.

मधुमेही रुग्णाचा नंबर सकाळी पहिला लागावा यासाठी आग्रह धरा. ऑपरेशनच्या दिवशी एनबीएम असताना दर दोन ते चार तासांनी साखर तपासली जावी. आणि ऑपरेशन दुपारपर्यंत पुढे गेलं, दुसऱ्या दिवशी ढकललं गेलं, तर तेव्हाच विचारा: आता जेवायचं का, आणि त्यासोबत सुई कोणती? हात तुटलेल्या केसमुळे ओटी (ऑपरेशन थिएटर) अडली हे समजण्यासारखं आहे, पण तुमच्या रुग्णाचं पोट आणि त्याचं इन्सुलिन ओटीची वाट बघत थांबत नाहीत. साखरेचा सेन्सर किंवा इन्सुलिन पंप लावलेला असेल तर एमआरआयला नेण्यापूर्वी सांगा.

स्टेरॉइड सुरू झालं की

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे वॉर्ड पाहिले. कोविडनंतरची ती बुरशी ज्यांना झाली त्यांच्यात आटोक्याबाहेरची साखर आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हापुन्हा दिसली. स्टेरॉइड अनेकदा जीव वाचवतं, पण त्याच्या पहिल्याच डोसाबरोबर साखरेची मोजणी वाढली पाहिजे.

सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोन साखर चढवते ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटेची फास्टिंग अनेकदा ११० असते. फक्त फास्टिंग बघणारा माणूस खूश राहतो आणि दुपारी चारला ३५० होऊन गेलेली असते. तेव्हा दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधीची एचजीटी चुकवू नका. त्यासाठी सकाळी एनपीएच किंवा दुपारचं बोलस वाढवतात. रात्रीचं बेसल वाढवत नेलं तर पहाटे हायपो होतो. डेक्सामेथासोन मात्र रात्रभरही पुरतं. स्टेरॉइडचा डोस उतरला की त्याच दिवशी इन्सुलिनही उतरायला हवं. हे विसरलं गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाम फुटलेला रुग्ण.

आयसीयूतून वॉर्डात

आयसीयूत इन्सुलिन शिरेतून पंपाने जातं आणि साखर तासातासाला बघतात. शिरेतलं इन्सुलिन बंद केल्यावर काही मिनिटांतच संपतं. त्वचेखालचं बेसल लागू व्हायला वेळ घेतं. त्यामुळे बेसलची सुई आधी, आणि पंप त्यानंतर साधारण दोन तासांनी बंद. स्ट्रेचर आल्यावर घाईत पंप काढून ‘वॉर्डात गेल्यावर बघतील’ असं झालं तर मधले तास रुग्ण इन्सुलिनविना राहतो. शिफ्टिंगच्या वेळी एवढंच विचारा: “बेसल दिलं का? किती वाजता?”

डिस्चार्ज

दवाखान्यातलं बेसल-बोलस म्हणजे आयुष्यभराची शिक्षा नव्हे. ‘एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही’ या भीतीने लोक घरी गेल्यावर आपणहून बंद करतात, आणि पंधरा दिवसांत परत येतात. घरी काय चालणार हे बऱ्याच अंशी भरतीच्या वेळच्या एचबीए१सीवरून ठरतं. ७ च्या आत असेल तर बहुधा जुनीच औषधं, ९ च्या वर असेल तर इन्सुलिन घरीही.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की काउंटरवरून हलू नका. प्रत्येक इन्सुलिनचं नाव, युनिट, वेळ आणि जेवणाशी नातं लिहिलंय का बघा. जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू, कोणत्या बंद, हे पट्ट्या समोर ठेवून विचारा. नाहीतर घरी नवं लँटस आणि जुनं मिक्सटार्ड दोन्ही सुरू राहतं. स्टेरॉइड उतरत्या क्रमाने लिहिलं असेल तर त्याच्या शेजारी इन्सुलिनचा उतरता क्रमही मागा. सुई नवीन असेल तर घरी जो टोचणार आहे त्याने सिस्टरसमोर एकदा स्वतः टोचून दाखवावं. सून टोचणार असेल तर सुनेने. व्हिडिओ काढून नेला म्हणजे हात बसला असं होत नाही.

घरी गेल्यावर पहिला आठवडा दिवसातून किमान दोनदा साखर बघून वहीत लिहा. माणूस बरा होतो तशी इन्सुलिनची गरज उतरते, आणि घरचं जेवण सुरू झालं की वेगळीच चढते. सलग दोन दिवस १०० च्या खाली किंवा २५० च्या वर राहिली तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न बघता फोन करा. दवाखान्यातून सोबत आलेली उरलेली बाटली आणि घरची जुनी बाटली एकाच फ्रीजमध्ये शेजारी ठेवू नका. बंद झालेली आहे ती औषधाच्या दुकानात विचारून निकालात काढा, आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून. कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या हातात त्या उघड्या जाता कामा नयेत.